सहा मायक्रोलिटरची ने-आण

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे, ‘लॅब ऑन चिप’वर, म्हणजे लॅबचं सगळं काम एका छोट्या चकतीवर करण्यावर, सेमिनार द्यायचा आहे. टीबीच्या निदानासाठी वापरतात त्या सीबीनॅट यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये (एकदाच वापरायच्या डबीत) आणि ट्रूनॅट यंत्राच्या चिपमध्ये नेमकं काय घडतं? आणि सगळं चिपवरच जाणार असेल, तर आमच्या मॅडम रोज पिपेटिंगचा, म्हणजे द्रव मोजून उचलण्या-सोडण्याचा, सराव करून घेतात त्याला आता काय अर्थ?

मॅडमचं बरोबर आहे. कारण मात्र त्या सांगत असतील त्याहून जरा वेगळं आहे. त्याकडे शेवटी येतो.

मॉलिक्युलर लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक टीबीच्या निदानात. सेमिनारसाठी पुस्तकं चाळलीत की शोधांची ठरलेली माळ हाती येते: १९७७ साली सँगरची सिक्वेन्सिंगची (डीएनएची अक्षरं वाचायची) पद्धत, १९८३ साली कॅरी मुलिसचं पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची युक्ती), नव्वदीत मायक्रोॲरे, मग नव्या पिढीचं सिक्वेन्सिंग. ही जनुक वाचण्याची कथा झाली. रोज ॲप्रन चढवणाऱ्याला विचारलंत तर तो दुसरीच कथा सांगेल: थेंब मोजला कसा, इकडून तिकडे नेला कसा आणि शेवटी कोंडला कसा. पीसीआर मोठ्या संस्थांमधून ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर आलं ते या दुसऱ्या कथेमुळे, असं माझं मत आहे. सेमिनार त्यावर बेतलात तर परीक्षकही जागे राहतील.

सुरुवात पिपेटपासूनच करा. १९५७ साली जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये हाइनरिख श्निटगर हा संशोधक काचेच्या बारीक नळ्यांमधून तोंडाने द्रव ओढून वैतागला होता. तेव्हा सगळेच तोंडाने ओढायचे. रक्त असो, आम्ल असो. त्याने स्प्रिंग लावलेल्या दट्ट्याची नळी बनवली. दट्ट्या ठरावीक अंतरच सरकतो. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची उशी राहते, त्यामुळे द्रव यंत्राला शिवत नाही. द्रव शिरतो ती प्लास्टिकची टिप काढून फेकता येते. आणि आणखी एक स्प्रिंग अशी, की अंगठा अजून थोडा दाबला की टिपेत अडकलेला शेवटचा थेंबही बाहेर फुंकला जातो. तुमचा ‘सेकंड स्टॉप’ तो हाच. हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फने १९६१ पासून हे पिपेट बाजारात आणलं. आकडा फिरवून माप बदलता येणारं पिपेट वॉरन गिल्सन यांनी १९७२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला तयार केलं. त्यानंतर मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही, आणि त्यातला कच्चा दुवाही तोच राहिला आहे: हवेची उशी. हवा तापली की फुगते, गार झाली की आकसते. फ्रीजमधून काढलेलं रिएजंट (चाचणीचं रसायन) आणि तासभर तळहाताच्या उबेत असलेलं पिपेट एकत्र आले की आकडा १० मायक्रोलिटर दाखवतो (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) आणि टिपेत १० नसतात.

आता पीसीआर. त्यात ट्यूब पुन्हा पुन्हा तापवून गार करतात, आणि दर फेरीला प्रती दुप्पट होतात. सुरुवातीच्या काळात ते तीन वॉटर बाथमध्ये चालायचं आणि प्रत्येक फेरीला झाकण उघडून प्रती काढणारं एन्झाइम नव्याने घालावं लागायचं, कारण ९५ अंशांना ई. कोलायचं एन्झाइम मरून जायचं. मग टॅक आलं. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमध्ये थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं एन्झाइम. टॅक उष्णता सोसतं म्हणून सगळे त्याचं कौतुक करतात. मला त्याचं मोल वाटतं ते त्यामुळे मधे झाकण उघडावं लागत नाही म्हणून.

शेवटी मात्र झाकण उघडावंच लागे, जेलवर चालवायला, म्हणजे प्रती झाल्या की नाही ते बघायला. आणि खरा घोळ तिथेच व्हायचा. हिशोब करून बघा. पस्तीसेक फेऱ्यांनंतर २५ मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये एका तुकड्याच्या साधारण १०^१२ प्रती तयार होऊ शकतात. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये चार हजार कोटी. झाकण उघडताना टक् असा आवाज येतो ना, त्यासरशी बारीक तुषार उडतात. त्यातला एक तुषार, एका पिकोलिटरचा, डोळ्यांना दिसणारही नाही असा, त्यात ४०,००० प्रती असतात. पीसीआरला दिसायला दहासुद्धा पुरतात.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका लॅबमध्ये आमचा निगेटिव्ह कंट्रोल (नमुना न घातलेली, निगेटिव्हच यायला हवी अशी ट्यूब) अचानक पॉझिटिव्ह यायला लागला. पाणी बदललं, प्रायमर नवे मागवले, टिपांचे डबे फेकले, बाकं ब्लीचने पुसली. कंट्रोल पॉझिटिव्हच. तीन आठवडे एकही रिपोर्ट गेला नाही. शेवटी लक्षात आलं की मास्टर मिक्सच्या (पीसीआरची रसायनं एकत्र करायच्या) खोलीतलं २० मायक्रोलिटरचं पिपेट दुरुस्तीला गेलेलं असताना कोणीतरी जेलच्या खोलीतलं उचलून आणलं होतं, आणि त्याच्या दांड्यातच प्रती भरलेल्या होत्या. तो ‘कोणीतरी’ मीच. तेव्हापासून मी पिपेटांना खोलीप्रमाणे रंगीत टेप लावतो. तुम्हीही लावा.

हा रोग मुळापासून बरा केला तो रसेल हिगुची यांनी. १९९२ साली कॅलिफोर्नियात त्यांनी केलं ते ऐकायला अगदी साधं आहे: डीएनएला चिकटून चमकणारं इथिडियम ब्रोमाइड आधीच ट्यूबमध्ये घातलं आणि फेऱ्या चालू असताना अतिनील प्रकाशात बाहेरून चमक बघितली. रिअल टाइम पीसीआर ते हेच. लोक त्याला मोजमापाचं तंत्र समजतात, ते आहेच. पण निदानाच्या लॅबमध्ये त्याने दिलेली खरी सोय म्हणजे उत्तर मिळतं, आणि ट्यूब न उघडताच कचऱ्यात जाते. या एका सोयीशिवाय पुढची कार्ट्रिजं कोणी बनवली नसती.

आता तुमच्या चिपकडे. आधी आकारांचा अंदाज घ्या. एक मायक्रोलिटर म्हणजे एक मिलिमीटर बाजूचा ठोकळा, मोठ्या रव्याच्या कणाएवढा. एक नॅनोलिटर म्हणजे एक दशांश मिलिमीटर बाजूचा. एक पिकोलिटर म्हणजे दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या पेशीच्या मापाचा. बाजू दहापट लहान केली की घनफळ हजारपट घटतं, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणजे थेंबाच्या मानाने भिंती दहापट जास्त. चिपमधलं बरं-वाईट जवळजवळ सगळं या एका वाक्यात आहे. बरं हे की उष्णता चटकन आत-बाहेर होते, म्हणून पीसीआरच्या फेऱ्या भराभर उरकतात. वाईट हे की एन्झाइम भिंतींना चिकटून बसतं, सिलिकॉनच्या भिंतीला तर फारच. म्हणून मिश्रणात आधीच बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे गाईच्या रक्तातलं प्रथिन घालतात, म्हणजे भिंतींना चिकटायचं ते हे प्रथिनच चिकटेल. आणि थेंब वाळतो. एअर कंडिशनरच्या झोताखाली उघडा ठेवलेला नॅनोलिटरचा थेंब तुम्ही वहीत नोंद करेपर्यंत गायब झालेला असतो.

दुसरी गंमत प्रवाहाची. इतक्या बारीक वाटेत पाण्याला भोवरेच पडत नाहीत. लाल आणि निळा असे दोन प्रवाह शेजारी-शेजारी सोडले तर ते न मिसळता, मधे दुभाजक असावा तसे सरळ जातात. मिसळतात ते फक्त रेणूंच्या आपापल्या भटकण्यामुळे. छोट्या रंगरेणूला शंभर मायक्रॉन सरकायला दहाएक सेकंद लागतात, पण एक सेंटिमीटर सरकायला दिवसभराहून जास्त, कारण अंतर शंभरपट झालं की वेळ दहा हजारपट होतो. म्हणून चिप बनवणारे एकतर वाट अगदी अरुंद करतात, नाहीतर तिच्या तळाला तिरक्या खाचा पाडून प्रवाहाला पीळ देतात.

‘सगळी लॅब एका चकतीवर’ ही कल्पना मांडली आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी, १९९० साली, स्वित्झर्लंडमध्ये. पण तेव्हा चिप म्हणजे काच नाहीतर सिलिकॉन कोरायचं, म्हणजे क्लीन रूम आणि खर्च. १९९८ च्या सुमारास हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस नावाचं पारदर्शक सिलिकोन रबर वापरायला घेतलं. साचा एकदा बनवायचा, मग त्यावर पाकासारखं घट्टसर पीडीएमएस ओतायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं, आणि थिजलं की वड्या सोडवाव्यात तसं उचकटून काढायचं. साचा तोच, चिपा कितीही.

या रबराच्या मऊपणाचा खरा उपयोग केला तो स्टीफन क्वेक यांच्या गटाने २००० साली कॅलटेकमध्ये. दोन थर एकमेकांवर, खालच्या थरात द्रवाची वाट, वरच्या थरात तिला आडवी हवेची वाट. वरच्या वाटेत दाब दिला की मधला पातळ पडदा खाली फुगतो आणि द्रवाची वाट बंद. बागेतल्या पाइपवर पाय ठेवावा तसं. अशा तीन झडपा ओळीने एकामागून एक दाबल्या की पंप तयार. यातूनच फ्लुइडाइम कंपनीची अशी चिप निघाली की ९६ नमुने आणि ९६ चाचण्या आडव्या-उभ्या भेटून एका वेळी ९,२१६ पीसीआर होतात, प्रत्येक काही नॅनोलिटरचं. हाताने भरायच्या विहिरी (द्रव घालायचे खळगे) फक्त १९२. ही चिप मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा, खरं सांगतो, माझा अंगठाच आधी खूश झाला.

झडपांशिवायचा मार्ग थेंबांचा. तेलाच्या प्रवाहात पाणी सोडलं की तेल त्याचे एकसारखे तुकडे पाडत जातं. ड्रॉपलेट डिजिटल पीसीआरमध्ये २० मायक्रोलिटरच्या मिश्रणाचे साधारण २०,००० थेंब करतात, प्रत्येक जेमतेम नॅनोलिटरचा, आणि प्रत्येकात वेगळं पीसीआर होतं. शेवटी चमकलेले आणि न चमकलेले थेंब फक्त मोजायचे. समजा २०,००० पैकी ५,००० चमकले. मूळ प्रती ५,००० म्हणू नका, कारण काही थेंबांत दोन-दोन, तीन-तीन गेल्या असणार. न चमकलेले तीन चतुर्थांश, ०.७५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन चिन्ह उलटवलं की दर थेंबी ०.२८८, म्हणजे एकूण सुमारे ५,७५०. प्रमाणित नमुन्यांचा आलेख नको, काही नको. तोंडी परीक्षेत हे गणित फळ्यावर करून दाखवा, पुढचे दोन प्रश्न वाचतील. एकेका पेशीला एकेका थेंबात कोंडून तिची जनुकं वाचायची २०१५ पासूनची लाट याच युक्तीवर उभी आहे.

आता जरा कडवट. शोधनिबंधांतल्या बहुतेक चिपा लॅबच्या बाहेर कधी पडल्याच नाहीत. फोटोत नखाएवढी चिप आणि शेजारी नाणं दिसतं. फोटोच्या चौकटीबाहेर दोन सिरिंज पंप, नायट्रोजनचं सिलिंडर, मायक्रोस्कोप, आणि पीएच.डी.चा एक मुलगा असतो जो बुडबुडा अडकला की टिचकी मारून सोडवतो. पण टिचकीपेक्षा मोठं कारण साध्या भागाकाराचं आहे. सीबीनॅटची पहिली टीबी चाचणी एका मिलिलिटर थुंकीत साधारण १३१ जिवाणू असतील तर पकडते. (मायक्रोस्कोपखाली दिसायला पाच ते दहा हजार लागतात.) तुमच्या सुंदर चिपमध्ये मावतो एक मायक्रोलिटर. १३१ भागिले हजार, ०.१३ जिवाणू. म्हणजे आठातल्या सात चिपांमध्ये एकही जिवाणू शिरणार नाही आणि रुग्ण आजारी असून रिपोर्ट निगेटिव्ह. आत चाचणी कितीही अचूक असो, जिवाणू मुळात दारातच राहिला. म्हणून आधी मिलिलिटरमधलं सगळं गोळा करून मायक्रोलिटरमध्ये आणावं लागतं. ज्यांनी हे सोडवलं त्यांचीच यंत्रं रुग्णालयात आहेत.

सीबीनॅटचं कार्ट्रिज बघा. आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात ते सेफाइडचं जीनएक्सपर्ट. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये त्याच्या टीबी चाचणीला मान्यता दिली. थुंकीत तिच्या दुप्पट रिएजंट घालायचं, त्यात कॉस्टिक सोडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. पंधरा मिनिटं, मधे हलवायचं, की चिकट बेडका पाण्यासारखा होतो आणि जिवाणूही बहुतांश मरतात. मग त्यातलं दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये ओतायचं आणि झाकण लावायचं. माणसाचं काम संपलं. आत मधोमध एक दट्ट्या आहे, आणि त्याच्या खाली फिरणारी झडप. तिच्याभोवती वाटोळे कप्पे. झडप ज्या कप्प्यासमोर थांबेल तिथून दट्ट्या ओढतो किंवा तिथे ढकलतो. एक सिरिंज, एक फिरता नळ, एवढंच! नमुना गाळणीतून जातो, जिवाणू अडकतात, धुतले जातात. मग खालून अल्ट्रासाउंडचा कंप देऊन त्यांच्या भिंती फोडतात. सुटलेला डीएनए कोरड्या गोळ्यांच्या रूपातल्या रिएजंटमध्ये मिसळतो आणि पाठीमागे शेपटीसारख्या निघालेल्या चपट्या ट्यूबमध्ये जातो, २५ मायक्रोलिटर. तिथे रिअल टाइम पीसीआर. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणारा टीबी ओळखायला आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यावर पाच प्रोब (जुळणाऱ्या अक्षरांवरच बसून चमकणारे डीएनएचे तुकडे) लावलेले असतात. त्यातला एखादा बसला नाही, म्हणजे तिथलं अक्षर बदललंय. आतमध्ये एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणूही ठेवलेले असतात. ते सापडले नाहीत, तर निगेटिव्ह उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. दोन तासांच्या आत निकाल. नंतरच्या ‘अल्ट्रा’मध्ये ट्यूब ५० मायक्रोलिटरची केली आणि जिवाणूत अनेक प्रतींमध्ये असलेले तुकडे शोधायला घेतले, तेव्हा पकड १६ जिवाणूंपर्यंत आली. लक्षात घ्या, सुधारणा करताना घनफळ वाढवलं, कमी नाही केलं.

याला शुद्ध मायक्रोफ्लुइडिक्स म्हणावं का यावर विद्वान वाद घालतात. घालू देत. सेमिनारला दाखवायला मुदत संपलेलं कोरं कार्ट्रिज एखाद्या केंद्राकडून मागून घ्या आणि करवतीने कापा. वापरलेलं कधीही उघडू नका. मघाचे ४०,००० आठवा.

त्याच्या खोडी काय? यंत्राला खोली ३० अंशांच्या आत लागते. मे महिन्यात विदर्भात ही मागणी म्हणजे एसी, आणि एसी म्हणजे वीज. शिवाय थुंकीत पोह्याचा कण असला तरी गाळणी तुंबते, दाब वाढतो आणि एरर येऊन कार्ट्रिज वाया जातं. रुग्णाला आधी चूळ भरायला सांगा, हे वाक्य कुठल्याही यंत्राच्या जाहिरातीत नसतं.

ट्रूनॅट दुसऱ्या वाटेने गेलं. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये ते विकसित झालं आणि गोव्यात वेर्ण्याच्या मॉलबायोने ते बनवलं. बॅटरीवर चालतं, एकाच पेटीत सगळं कोंबण्याचा हट्ट नाही. एक छोटं यंत्र डीएनए काढून देतं, त्याला वीसेक मिनिटं. दुसरं, ब्रीफकेसमध्ये मावणारं, चिपवर पीसीआर करतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या पहिल्या चाचणीसाठी त्याची शिफारस केली. त्याच वर्षी करोनाच्या चाचण्यांसाठी ही यंत्रं देशभर धावली. टीबी आहे की नाही हे तासाभरात कळतं; असेल तर रिफाम्पिसिनसाठी त्याच डीएनएवर दुसरी चिप.

पण या दोन यंत्रांच्या मधे एक जागा अशी आहे जिथे डीएनए हातानेच न्यावा लागतो. सहा मायक्रोलिटर. सोबत तेवढंच माप असलेलं पिपेट देतात. त्याने डीएनए उचलायचा, कोरड्या रिएजंटच्या छोट्या ट्यूबमध्ये सोडायचा, अर्धा-एक मिनिट तसाच ठेवायचा. टिचक्या मारायच्या नाहीत, वर-खाली ओढायचं नाही. द्रव स्वच्छ दिसला की तेच सहा मायक्रोलिटर उचलून चिपच्या पांढऱ्या विहिरीच्या मधोमध ठेवायचे. टिप तळाला घासली तर पृष्ठभाग खरवडतो, दुसऱ्या स्टॉपपर्यंत फटकन दाबलं तर बुडबुडा जातो, आणि तापताना तो फुगून द्रव बाजूला सारतो. लाखांचं यंत्र, शेवटचे दोन सेंटिमीटर एका टेक्निशियनच्या अंगठ्यावर. प्रशिक्षणात मी पाहिलंय, अडखळतात ते इथेच, संगणकापाशी कोणी अडखळत नाही.

म्हणून मॅडमचा सराव. फक्त तो डोळ्यांनी नको, तराजूवर करा. चार दशांशांचा तराजू घ्या, खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, टिप आधी दोनदा भिजवून घ्या, आणि १०० मायक्रोलिटर दहा वेळा तोला. २५ अंशांना प्रत्येक वेळी ९९.७ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं, आणि दहाही आकडे एका मिलिग्रॅमच्या पट्ट्यात. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर पिपेट कॅलिब्रेशनला (माप तपासून जुळवायला) पाठवा. विखुरलेले असतील तर दोष अंगठ्याचा. सहा मायक्रोलिटरसाठी तराजूवर भिस्त ठेवू नका, तोलेपर्यंत काही भाग उडून जातो. तिथे पॅराफिल्मवर (लॅबमधल्या मेणचट पट्टीवर) खायच्या रंगाचे थेंब ओळीने ठेवा आणि कोण बारीक, कोण जाड ते बाजूने वाकून बघा.

हे जमलं की निम्मं ग्लिसरॉल आणि निम्मं पाणी घेऊन पुन्हा करा, कारण तुमचं एन्झाइम अशाच घट्ट द्रवात येतं. टिप पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवा, हळू ओढा, तीन सेकंद थांबा, आणि काढताना ट्यूबच्या कडेला पुसून घ्या. खोल बुडवलीत तर टिपेला बाहेरून लागलेलं ग्लिसरॉल आतल्या मापात भर घालतं. रंग घातलेला असेल तर ते दिसतंसुद्धा.